घरटॅक्स कोण ठरवतं? अमरावती-अकोल्याच्या मालमत्ता कराची माहिती

घरटॅक्सचं बिल हातात पडलं की आपल्याकडे पहिला राग नगरसेवकावर निघतो. वसुलीला आलेल्या कर्मचाऱ्यालाही दोन शब्द ऐकावे लागतात. पण बिलावरचा आकडा नेमका कुठे ठरतो, हे आमच्या शाळेतल्या पालकांना विचारलं तर फार थोडे सांगू शकतात. म्हणून हा लेख.

अमरावती महानगरपालिका १९८३ ची, अकोल्याची २००१ ची. दोन्हींचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार चालतो. या कायद्यात घराचं मूल्य ठरवणं आणि कराचा दर ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती करणारेही वेगळे.

मूल्य ठरवतात आयुक्त, म्हणजे प्रत्यक्षात त्यांचा कर विभाग. आयुक्त राज्य सरकार नेमतं, आपण निवडून देत नाही. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल याचा अंदाज धरतात आणि दुरुस्तीसाठी त्यातून दहा टक्के वजा करतात. समजा वर्षाचं भाडं १२,००० रुपये धरलं, तर करयोग्य मूल्य १०,८०० रुपये. घरात स्वतः राहत असलात तरी हा हिशेब होतोच.

दर मात्र सभागृह ठरवतं. आयुक्त प्रस्ताव देतात, तो १६ सदस्यांच्या स्थायी समितीकडे जातो आणि २० फेब्रुवारीपर्यंत आमसभेने पुढच्या वर्षाचे दर ठरवायचे असतात. मार्च २०२२ नंतर दोन्ही शहरांत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, त्यामुळे प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे एकच, प्रशासक. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर नगरसेवक परत आले आहेत. आता दराबद्दल त्यांना जाब विचारता येतो.

अकोल्याचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. करआकारणीचं पुस्तक किमान चार वर्षांतून एकदा नव्याने करावं, असा नियम आहे. अकोल्यात २००१ पासून २०१७ पर्यंत फेरआकारणीच झाली नाही. मग झाली ती एकदम, आणि बिलं पाहून लोक हादरले. एका नगरसेवकाच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये ती वाढ रद्द केली. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०२५ मध्ये तिथे निकाल महापालिकेच्या बाजूने लागला. सोळा वर्षं हात न लावण्याची चूक पालिकेची, भुर्दंड मात्र घरमालकाला, असं आम्हाला वाटतं. पण निकाल तो निकाल.

आता आपल्या हातात काय? मूल्य वाढवल्याची विशेष नोटीस आली की तिच्यावर छापलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. क्षेत्रफळ चुकलं, टिनाचं घर स्लॅबचं दाखवलं, राहती खोली दुकान म्हणून लिहिली, अशा चुका सुनावणीत दुरुस्त होऊ शकतात. आमच्या ओळखीच्या एका चाचांनी नोटीस कुराण शरीफच्या रिहालखाली जपून ठेवली होती, पण मुदत संपून गेली. हरकत फेटाळली गेली तर पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अपील करता येतं. त्यासाठी आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि कराची रक्कम भरावी लागते. हरकतच घेतली नाही तर अपीलही नाही.

मशिदीच्या आणि मदरशांच्या विश्वस्तांसाठी एक गोष्ट. निव्वळ सार्वजनिक इबादतीसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरलेल्या इमारतीला कायद्याच्या कलम १३२ मध्ये सर्वसाधारण करातून सूट आहे. पण खालची दुकानं भाड्याने दिली असतील तर ती आपोआप त्या सुटीत बसत नाहीत, तो भाग वेगळा धरला जातो. तेव्हा नकाशा आणि भाडेपावत्या तयार ठेवाव्यात.

अचलपूर, अकोट, बाळापूर इथल्या वाचकांनी वरचे नियम जसेच्या तसे लावू नयेत. तिथे नगरपरिषदा आहेत आणि त्यांचा कायदा १९६५ चा. मूल्यनिर्धारणाचं काम तिथे राज्याच्या नगररचना विभागाच्या अधिकाऱ्याकडे असतं.