शेवट माहीत असलेली गोष्ट : 'क्रायसिस कोर' आणि झॅक फेअर

गेमिंगच्या इतिहासावरच्या आपल्या गप्पांमध्ये आज एका अशा गेमबद्दल बोलायचंय, ज्याचा हिरो शेवटी मरतो. हा स्पॉयलर आहे का? आहेही आणि नाहीही. कारण हा गेम २००७ साली आला आणि त्याचा शेवट बऱ्याच लोकांना १९९७ पासूनच ठाऊक होता. तरीही लोकांनी तो घेतला, खेळला आणि शेवटी डोळे पुसले. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो तेव्हा पुढे काय होणार हे आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. पण म्हणून गोष्ट ऐकायची कुणी थांबतं का?

गेमचं नाव 'क्रायसिस कोर : फायनल फँटसी सेव्हन'. सोनीच्या पीएसपी या हँडहेल्डवरचा अ‍ॅक्शन आरपीजी. आणि हा प्रीक्वेल आहे, म्हणजे मूळ गोष्टीच्या आधीची गोष्ट. आज त्याची ताकद कुठे आहे आणि तो कुठे घसरतो, हे नीट बघूया.

आधी थोडी पार्श्वभूमी

१९९७ च्या जानेवारीत जपानमध्ये प्लेस्टेशनवर 'फायनल फँटसी सेव्हन' आला. त्याचा हिरो क्लाउड, पाठीवर माणसाएवढी तलवार घेऊन फिरणारा, गप्प गप्प राहणारा पोरगा. तो सांगतो की आपण शिनरा कंपनीच्या 'सोल्जर' नावाच्या खास तुकडीत होतो. पुढे कळतं की ही आठवण त्याची नाहीच. ती झॅक नावाच्या त्याच्या मित्राची आहे. मानसिक धक्का आणि विषबाधा यांमुळे क्लाउडने मित्राचं आयुष्य स्वतःचं समजून पांघरलेलं असतं.

आता गंमत बघा. इतक्या महत्त्वाच्या या झॅकला मूळ गेममध्ये किती जागा होती? जेमतेम काही मिनिटं. त्याच्या मृत्यूचा प्रसंग तर एका जुन्या वाड्याच्या तळघरात आपणहून परत गेलात तरच दिसायचा. म्हणजे ज्याच्या उधारीच्या आठवणींवर सगळी गोष्ट उभी, तोच माणूस तळटीपेत.

दहा वर्षांनी स्क्वेअर एनिक्सने ही तळटीप उचलली आणि तिचा अख्खा गेम केला. दिग्दर्शक हाजिमे ताबाता. त्यांनी याआधी २००४ मध्ये जपानी मोबाइल फोनसाठी 'बिफोर क्रायसिस' हा याच जगातला गेम केला होता. कथालेखक काझुशिगे नोजिमा, म्हणजे मूळ गेमच्याच टीममधले. सप्टेंबर २००७ मध्ये 'क्रायसिस कोर' जपानमध्ये आला, २००८ मध्ये बाहेरच्या देशांत. जपानमध्ये त्यासोबत खास पीएसपीही काढला होता, फक्त ७७,७७७ नग. आकडा उगाच निवडलेला नाही. सात हा या मालिकेचा लाडका अंक. दोन-तीन वर्षांत जगभरात गेमच्या ३० लाखांहून जास्त प्रती गेल्या.

पहिली ताकद : झॅक स्वतः

प्रीक्वेलचा मोठा धोका कोणता? शेवट माहीत असल्यामुळे ताण राहत नाही. मग पकडून ठेवणार कशाने? तर माणसाने. झॅक हा क्लाउडच्या अगदी उलटा. बडबड्या, उतावळा, कुठेही उठाबशा काढणारा. त्याचा गुरू अँजील त्याला कुत्र्याचं पिल्लू म्हणतो, आणि ते नाव त्याला चपखल बसतं.

अँजीलच्या पाठीवर एक मोठी तलवार आहे, पण तो ती जवळजवळ वापरतच नाही. वापरली तर झिजेल, गंजेल म्हणतो. ती तलवार घडवायला त्याच्या गरीब घराने कर्ज काढलं आणि ते फेडता फेडता बाप खपला. ती तलवार अँजीलकडून झॅककडे येते आणि झॅककडून क्लाउडकडे. १९९७ मध्ये जी तलवार फक्त भारी दिसायची, तिला २००७ मध्ये वारसा मिळाला. चांगला प्रीक्वेल हेच करतो. मूळ गोष्टीतली एकही वीट न हलवता तिचं वजन वाढवतो.

तीच गोष्ट सेफिरॉथची. मूळ गेममधला हा थंड डोक्याचा खलनायक. इथे तो आधी सहकारी म्हणून भेटतो. मित्रांबद्दल हळवा, थोडा एकटा. पुढे निबेलहाइम गावात तो जे करतो ते आपल्याला माहीत असतं. पण आता तिथे राक्षस दिसत नाही, आपला एक माणूस हातातून निसटताना दिसतो.

दुसरी ताकद : ती फिरणारी चक्रं

आता जरा तांत्रिक बोलतो. लढाई सुरू झाली की पडद्याच्या कोपऱ्यात तीन रीळं गरगर फिरत राहतात, स्लॉट मशीनसारखी. नाव 'डिजिटल माइंड वेव्ह'. रीळांवर आकडे आहेत आणि झॅकच्या आयुष्यातल्या माणसांचे चेहरेही. तीन चेहरे जुळले की खास हल्ला मिळतो. कधी कधी त्या माणसाची एखादी आठवणही मध्येच झळकते. तीन सात लागले की लेव्हल वाढते.

बऱ्याच लोकांना ही पद्धत अजिबात आवडली नाही, आणि त्यांची तक्रार खोटी नाही. आरपीजी म्हणजे घाम गाळा आणि वाढा, असा साधा करार. इथे पडद्यावर मात्र सगळं नशिबावर सोडल्यासारखं दिसतं. आतून तुमच्या लढायांचा हिशेब धरलेला असतो, पण तो तुम्हाला दाखवलेला नाही. शिवाय ऐन मारामारीत चक्रं पडदा अडवतात आणि लढाईची लय तुटते. आज मोबाइल गेममध्ये गाचा ओढून वैतागलेल्या पोरांना हे दुखणं लगेच कळेल. फरक इतकाच की इथे चक्र फिरवायला खिशातला पैसा लागत नाही.

मग याला मी ताकद का म्हणतोय? ते शेवटाकडे आलो की सांगतो.

आता कमजोरी

पहिली कमजोरी म्हणजे मिशन. मुख्य गोष्टीशिवाय यात ३०० छोटी मिशनं आहेत. कल्पना हँडहेल्डला एकदम योग्य. बसस्टॉपवर पाच मिनिटं आहेत, एक मिशन उरका, बटण सरकवून पीएसपी झोपवा. पण त्याच चार-पाच गुहा, तेच गोदाम, तेच माळरान, पुन्हा पुन्हा. दोन पावलं चाललं की लढाई, पुन्हा दोन पावलं की लढाई. बक्षिसं इतकी जबरदस्त की नाद लागतो, आणि नाद लागला की झॅक एवढा बलवान होतो की मुख्य गोष्टीतले बॉस फुंकरीने उडतात. म्हणजे मेहनत करणाऱ्याचाच खेळ बेचव होतो.

दुसरी, यंत्राची मर्यादा. पीएसपीला एकच छोटी अ‍ॅनलॉग खुंटी होती. कॅमेरा फिरवायला दुसरी स्टिक नाही. त्यामुळे मागून कोण मारतंय हे लढाईत बऱ्याचदा कळतच नाही.

तिसरी कमजोरी मला सगळ्यात जास्त खुपते, ती म्हणजे जेनेसिस. मूळ गेममध्ये हा माणूस नव्हताच. इथे तो मुख्य विरोधक आहे. जपानीत त्याला आवाज दिलाय गाक्ट या प्रसिद्ध गायकाने. जेनेसिस सतत एका काल्पनिक नाटकातल्या ओळी म्हणत फिरतो. एकदा ठीक, दोनदा ठीक, दहाव्यांदा हात जोडावेसे वाटतात. पण खरा त्रास त्याच्या ओळींचा नाही. झॅक, एरिथ, क्लाउड यांच्या साध्या गोष्टीला जो वेळ मिळायला हवा होता, तो जेनेसिसचे क्लोन आणि गूढ भाषणं खाऊन टाकतात. एरिथ आणि झॅकची ओढ गोड आहे, पण तिला प्रसंग किती कमी! प्रीक्वेलचा हा जुना रोग आहे. जुन्या गोष्टीतली भोकं बुजवायला निघायचं आणि नवी भोकं पाडून ठेवायची.

आणि तो शेवट

झॅक आणि क्लाउड शिनराच्या प्रयोगातून निसटतात. क्लाउड शुद्धीत नाही. झॅक त्याला ओढत, उचलत, त्याच्याशी एकटाच गप्पा मारत मिडगार शहरापर्यंत आणतो. एरिथने या काळात त्याला पत्रं लिहिलेली असतात. त्यातलं एकच त्याच्या हाती पडतं, ८९वं. आणि शहर समोर दिसत असताना अख्खी फौज आडवी येते.

इथे गेम व्हिडिओ लावून मोकळा होत नाही. कंट्रोल तुमच्याच हातात राहतात. तुम्ही लढता. आणि कोपऱ्यातली ती चक्रं बिघडायला लागतात. रीळं अडखळतात. एकेक चेहरा पुसट होतो, विझतो. आठवणी तुकड्या-तुकड्यांनी येतात आणि मध्येच तुटतात. शेवटी एरिथचा चेहरा उरतो, आणि मग तोही राहत नाही.

आता कळलं? ज्या चक्रांना आपण तीस तास शिव्या घातल्या, ती झॅकचं मन होती. माणूस मरतो म्हणजे त्याच्या आठवणीतली माणसं एकेक करून निघून जातात, हे गेमने संवादात सांगितलं नाही. तुमच्या हातातलंच यंत्र बंद पाडून दाखवलं. सिनेमाला हे करता येत नाही, कादंबरीलाही नाही. ताकेहारू इशिमोतो यांचं संगीत सोबत आहेच. पण खरा घाव तुमच्या अंगठ्याला बसतो. तुम्ही बटण दाबताय आणि काही उपयोग होत नाहीये.

मग क्लाउड सरपटत येतो, तलवार घेतो, आणि १९९७ चा गेम जिथे सुरू होतो तिथे हा संपतो.

इतिहासाचा मुद्दा

एवढं सगळं असूनही हा गेम पंधरा वर्षं पीएसपीच्या चकतीत अडकून होता. डिजिटल विक्री झालीच नाही. पीएसपी बंद पडला, चकत्या दुर्मीळ झाल्या आणि नव्या पिढीने फक्त नाव ऐकलं. शेवटी १३ डिसेंबर २०२२ ला 'रियुनियन' नावाने तो आजच्या कन्सोलवर आणि पीसीवर परत आला. चित्रं नवी, कॅमेरा मोकळा, आणि खास हल्ले आता आपल्याला हवे तेव्हा वापरता येतात. मिशनं मात्र तशीच, आणि जेनेसिसही तसाच!

पण 'बिफोर क्रायसिस' आठवतोय? ताबातांचा तो मोबाइल गेम? सर्व्हर बंद झाले आणि तो आज कुणालाच मूळ रूपात खेळता येत नाही. चकतीवरचा गेम निदान कपाटात धूळ खात राहतो. सर्व्हरवरचा गेम एका रात्रीत नाहीसा होतो. तुमच्या फोनमध्ये आत्ता जे गेम आहेत, त्यातले किती दहा वर्षांनी उघडतील?

माझं मत विचाराल तर 'क्रायसिस कोर' हा ओबडधोबड गेम आहे. त्याचा मधला भाग पातळ आहे आणि खलनायक जड आहे. पण त्याच्या शेवटच्या दहा मिनिटांइतकी प्रामाणिक दहा मिनिटं मी फार थोड्या मोठ्या, महागड्या गेममध्ये पाहिली आहेत. खेळणार असाल तर मिशनांच्या नादी फार लागू नका. गोष्ट धरून चला आणि शेवटी हेडफोन लावा.

तुमचा असा कोणता गेम आहे, ज्याचा शेवट माहीत असूनही तुम्ही पुन्हा खेळलात? नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर ऐकत राहा, खेळत राहा!