२९ चा गेम

गेल्या शुक्रवारी रिलीज पुढं ढकललं गेलं आणि टीमला अचानक दोन तास मोकळे मिळाले. आमच्या ऑफिसच्या रिक्रिएशन रूममध्ये एक पूल टेबल आहे, त्याच्याभोवती कायम गर्दी. कोपऱ्यात एक कॅरम बोर्ड आहे, त्याच्यावर कायम कुणाचा तरी जेवणाचा डबा. तो डबा बाजूला करून पोरांनी डाव मांडला. बोर्डवर चक्क अंगाला लावायची पावडर ओतली (मी डोळे मिटून घेतले). एका मुलीनं राणी घेतली, कव्हर केली आणि विचारलं, "राणीचे किती?"

"तीन," कोणीतरी म्हणालं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाच!"

"कुठल्या गावात, सर?"

अंबाजोगाईत. जिल्हा बीड. मोंढ्याच्या मागच्या बोळात, एका पत्र्याच्या खोलीत. तिथं राणीचे पाच होते आणि गेम २९ चा होता. या पाच आणि तीनच्या फरकानं मी एका माणसाला हरताना बघितलंय. बरेच दिवस लिहायचं म्हणत होतो, आज लिहून टाकतो.

आधी थोडा इतिहास. आमच्या गावाचं निजामाच्या काळातलं नाव मोमिनाबाद. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती इथं. अशा छावण्यांमधले गोरे अधिकारी संध्याकाळी मेसमध्ये बिलियर्ड्स खेळायचे. १८७५ साली जबलपूरच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं त्यातूनच स्नूकर काढलं. (पंतप्रधान झालेला चेंबरलेन वेगळा.) म्हणजे ज्या खेळाला आपण इंग्रजी समजतो तो जन्मला नर्मदेकाठी! आणि कोणत्याही खेळातला भारताचा पहिला वैयक्तिक जगज्जेता कोण, तर पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स. १९५८ साली कोलकात्यात त्यानं हौशी बिलियर्ड्सचं विश्वविजेतेपद मिळवलं, १९६४ ला न्यूझीलंडमध्ये पुन्हा. आपल्या पिढीतल्या किती जणांना हे नाव माहीत आहे, हात वर करा.

पण बिलियर्ड्सचं टेबल म्हणजे बारा फूट बाय सहा फूट, खाली पाटीच्या दगडाचा तळ, वजन टनाच्या वर. ते जिमखान्यातच राहिलं. बोळात आला तो कॅरम. त्याला लागतं काय? तीन फुटांची चौरस फळी, एक स्टूल आणि वरून लोंबणारा एक बल्ब.

आमच्या क्लबमध्ये असे चार बोर्ड होते. क्लब म्हणायचं आपलं! आत पाच पायऱ्या उतरून जायचं, बाहेर पाटीबिटी काही नाही. चालवायचे ते चाचा. वय साठीचं, डोक्यावर जाळीची टोपी, बोटं पावडरीनं कायम पांढरी. भाडं तासावर, आणि हरेल त्यानं भरायचं. पैसे लावून खेळायला सक्त मनाई होती, म्हणजे चाचांसमोर मनाई होती. मेडिकलमधून बोरिक पावडर आणायची, ती फडक्यातून गाळून घ्यायची आणि चिमटीनं टाकायची. जास्त टाकली की ओरडा बसायचा, "बेटा, रोटी बनानी है क्या?"

एक नंबरचा बोर्ड चाचांचा जीव की प्राण. स्ट्रायकर जोरात मारला की साडेतीन वेळा इकडून तिकडे गेला पाहिजे, ही त्यांची परीक्षा. पुढं आंतरराष्ट्रीय फेडरेशनचे नियम वाचले तेव्हा गंमत वाटली, कारण त्यातही बोर्डच्या गुळगुळीतपणाची कसोटी हीच, साडेतीन फेऱ्या! स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. म्हणजे जवळपास तिप्पट वजनाची वस्तू बोटाच्या टिचकीनं असं ढकलायचं की सोंगटी भोकात जावी आणि स्ट्रायकर मात्र आपल्याला पुढचा हात मिळेल तिथं थांबावा. हे दुसरं काम अवघड. सोंगटी काय, कोणीही घालतं.

हे दुसरं काम ज्याला सगळ्यात चांगलं यायचं त्याला आम्ही नुसतं दादा म्हणायचो. तेव्हा पंचविशीचा असेल. गावापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या तांड्यावरून सायकलनं यायचा. बोलायचा कमी. बाकीचे लोक सोंगटी पडली की टेबल वाजवायचे, हा फक्त स्ट्रायकर पुसायचा. थमनं मागची सोंगटी काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा त्यानं ब्रेक घेऊन एका हातात सगळ्या पांढऱ्या आणि राणी घालून बोर्ड संपवला. त्याला व्हाइट स्लॅम म्हणतात हे मला नंतर कळलं. त्या दिवशी चाचांनी सगळ्यांना चहा पाजला. असं मी तरी पुन्हा पाहिलं नाही.

पण दादा फक्त अर्धं वर्ष दिसायचा. दसरा झाला की तांडा रिकामा. मुकादमाची उचल घेतलेली असायची. ट्रकमध्ये संसार भरून सगळे पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर ऊस तोडायला जायचे. हे तुम्ही पेपरात वाचलं असेल, बीड म्हटलं की तेच येतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. दादा आणि वहिनी, एक कोयता. परत यायचे ते पाडव्याच्या पुढं-मागं. आल्यावर पहिले पंधरा दिवस दादा सगळ्यांकडून हरायचा, माझ्याकडूनसुद्धा. पाच-सहा महिने कोयता धरून तळहात असा व्हायचा की बोटाला स्ट्रायकर लागलेला कळायचाच नाही. चाचा त्याला खोबरेल तेल लावून बसायला सांगायचे. वैशाख संपता संपता हात परत यायचा. आषाढात तो पुन्हा राजा. मग गणपतीतल्या स्पर्धा तो मारायचा, आणि दसऱ्याला परत ट्रक.

या गणितात त्याच्या हाताशी खेळाचे किती महिने उरले ते तुम्हीच मोजा.

मी बारावीला होतो, २००० च्या आसपासची गोष्ट. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) एक मोठी स्पर्धा निघाली, नशिबानं पावसाळ्यात. चाचांनी वर्गणी काढली. दादा, चाचा आणि घरी थाप मारून मी, असे तिघं एसटीनं गेलो. तिथला हॉल बघूनच आम्ही गार. ओळीनं बोर्ड, प्रत्येकावर शेडचा दिवा, पांढऱ्या शर्टातले पंच. आमच्याकडं परळीचं थर्मल जेमतेम पंचवीस किलोमीटरवर असून लाइट जायची आणि आम्ही गॅसबत्तीत खेळायचो.

दादानं दोन फेऱ्या आरामात मारल्या. तिसऱ्या फेरीत समोर एका बँकेचा खेळाडू आला, खेळाच्या कोट्यातून नोकरीला लागलेला. एक गेम त्याचा, एक दादाचा. तिसऱ्यात सहा बोर्ड झाले तेव्हा दादा २२, तो १९.

सातवा बोर्ड. राणी अवघड जागी, उजव्या भोकाच्या वर पट्टीला चिकटलेली. दादा तिच्यामागं लागला. दोन हात त्यात गेले, तेवढ्यात समोरच्यानं आपल्या काळ्या कमी केल्या. शेवटी दादानं रिबाउंडवर राणी घेतली, कव्हर केली आणि बोर्ड संपवला. काळ्या उरल्या दोन. दोन अधिक राणीचे पाच. दादा उठला, पँटला हात पुसून त्यानं समोरच्याकडं हात पुढं केला.

पंच म्हणाले, "चोवीस-एकोणीस. बसा. शेवटचा बोर्ड."

आम्हाला काही कळेना. चाचा उठून विचारायला गेले. पंच चांगले होते, शांतपणे समजावलं. गेम २५ चा किंवा आठ बोर्डांचा. राणीचे तीन. आणि तुमचे २१ पर्यंत गुण असतील तरच. २२ झाले की तुम्हाला राणीचा गुण नाही. चाचांचे नियम त्यांनी तरुणपणी हैदराबादला शिकलेले. २९ चा गेम, राणीचे पाच, आणि तिचा गुण चोवीसला बंद. तुम्ही प्रोग्रामर असाल तर हसाल, एका 'इफ'च्या ओळीतला आकडा फक्त बदलला होता. आंतरराष्ट्रीय फेडरेशन १९८८ साली चेन्नईत स्थापन झालं. ते २५ आमच्या बोळापर्यंत तोवर पोचलंच नव्हतं.

म्हणजे त्या बोर्डात दादाला राणीची गरजच नव्हती. समोरच्याला घेऊ दिली असती तरी चाललं असतं. तो बोर्ड हरला असता तर तिचे गुण कुणालाच नव्हते. दादाला फक्त त्याच्या तीन काळ्या मागं ठेवायच्या होत्या.

आठव्या बोर्डात दादाचा हात हलत होता. चार सोंगट्या आणि राणी, सात गुण घेऊन समोरच्यानं गेम संपवला. रात्रीच्या एसटीत चाचा सारखं एकच म्हणत होते, "मेरी गलती है, मेरी." दादा खिडकीशी झोपला होता, निदान डोळे तरी मिटलेले होते.

पुढं मी इंजिनीअरिंगला पुण्यात आलो आणि कॅरमच्या बातम्या वाचत राहिलो. चेन्नईच्या मारिया इरुदयमला १९९६ साली अर्जुन पुरस्कार मिळाला होता, १९९१ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेचा विजेता तोच. २००८ साली फ्रान्समध्ये कान इथं पुण्याचा योगेश परदेशी जगज्जेता झाला, २०१६ ला बर्मिंगहॅममध्ये मुंबईचा प्रशांत मोरे, तोही रिझर्व्ह बँकेचा. नोकरी देणारी बँक असली की दुपारी सरावाला बसता येतं, हे काही त्यांचं कर्तृत्व कमी करत नाही. पण प्रत्येक वेळी मला तो पाच-सहा महिन्यांचा कोयता आठवतो.

चाचा गेले. क्लबच्या जागी आता मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. दरवर्षी दिवाळीला गावी गेलो की दादाची चौकशी करायचो आणि तो कधीच भेटायचा नाही. दिवाळीत तो उसावर असतो, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला काही वर्षं लागली. लाज वाटली.

यंदा मुद्दाम मे महिन्यात गेलो. तांड्यावरच्या त्याच्या घरात एक नंबरचा बोर्ड भिंतीला टेकून उभा होता. चाचांनी जाताना त्याला दिलेला. दादाचे केस पिकलेत, उजव्या हाताची करंगळी सरळ होत नाही. वहिनींनी चहा ठेवला, आम्ही बोर्ड खाली मांडला. नातू पावडर टाकायला लागला तर दादा म्हणाला, "चिमटीनं रे."

"किती चा लावायचा?" मी विचारलं.

"पंचवीसचा. राणीचे तीन, बावीसला बंद," दादा म्हणाला आणि स्ट्रायकर पुसायला लागला. "पोराला तेच शिकवायलोय."

मी ११-२५ नं हरलो.