पगचं नाक

अमडापूरला काकांकडे पग आहे. त्याची दोन चित्रं काढून घ्यायची होती: एक हुबेहूब, दुसरं जुन्या युरोपियन तैलचित्रांच्या शैलीत. नमुना म्हणून पेंटरला विल्यम होगार्थचं १७४५ चं चित्र दाखवलं. त्यात होगार्थ आहे आणि त्याचा पग, नाव ट्रम्प (खरंच!). तेव्हा साताऱ्यात शाहू महाराजांचं राज्य होतं.

पेंटर म्हणाला, "भाऊ, हा पग कसा? याले त नाक हाये!"

बरोबर पकडलं त्यानं. इतकं चपटं तोंड पुढच्या पैदासकारांनी हौसेपायी घडवलं. श्वास कोंडतो तो कुत्र्याचा. २००३ च्या हचच्या जाहिरातीनंतर आपणही पगवर भाळलो... आणि वऱ्हाडातल्या मे महिन्यात काकांचा पग कूलरसमोर घरघरत पडलेला असतो.

दुसऱ्या चित्रात नाक लांबच ठेवा, असं सांगून आलोय.