गोळी आणि स्त्रियांची साक्ष

संततिनियमनाच्या गोळीचा शोध प्रयोगशाळेत लागला; तिची खरी पारख मात्र ती घेणाऱ्या स्त्रियांनीच केली. १९५६ साली प्वेर्तो रिको बेटावर, रिओ पिएद्रास येथील सरकारी वसाहतीत ‘एनोव्हिड’ या संप्रेरकयुक्त गोळीची मोठी चाचणी सुरू झाली. गर्भधारणा टळत होती, यात संशय नव्हता. परंतु चाचणी पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी नोंदविले की, १७ टक्के स्त्रियांना मळमळ, घेरी, डोकेदुखी असे त्रास होतात, आणि सर्वसाधारण वापराच्या दृष्टीने ते फार आहेत. संशोधक ग्रेगरी पिंकस यांनी त्यांतील पुष्कळ तक्रारी मनाच्या कल्पना ठरविल्या. १९६० मध्ये अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली.

१९७० साली तेथील सिनेटच्या समितीपुढे गोळीच्या धोक्यांची चौकशी झाली, तेव्हा ती घेणारी एकही स्त्री साक्षीस बोलाविली गेली नव्हती. काही तरुणींनी सभागृहातच उभे राहून जाब विचारला. त्याच वर्षी प्रत्येक पाकिटासोबत माहितीपत्रक देण्याचा आदेश निघाला. पुढे गोळीतील संप्रेरकांची मात्राही पुष्कळच घटली.

मनाचा प्रश्न मात्र उरला. २०१६ साली डेन्मार्कमधील दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या असता, संप्रेरके घेणाऱ्यांत नैराश्यावरील औषधे सुरू होण्याचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. कार्यकारणभाव त्याने सिद्ध होत नाही; पण जी तक्रार एकदा कल्पना म्हणून बाजूस सारली गेली, ती आता शास्त्राला ऐकून घ्यावी लागते, एवढे खरे.