‘व्यक्ती’ गेली, ‘तत्सम’ राहिले

८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या दिवशी सभागृहापुढे काम कोणते होते, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. कामगार तंट्यांचे विधेयक नुकतेच मंजूर झाले होते आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल दुसऱ्या एका विधेयकावर निर्णय सांगणार होते. त्याचे नाव पब्लिक सेफ्टी बिल. आपल्या भाषेत सांगायचे तर जनसुरक्षा विधेयक.

शहाण्णव वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जवळजवळ त्याच नावाचे विधेयक मंजूर केले. तेव्हा राज्य परक्यांचे होते, आता आपले आहे. हा फरक लहान नाही. पण दोन्ही वेळी विधेयक एका खोलीतून गेले, ती म्हणजे समितीची खोली. मित्रहो, आज त्या खोलीविषयी बोलायचे आहे, कारण तिथे घातलेला किंवा खोडलेला एखादा शब्द पुढे सातारा-सांगलीकडच्या एखाद्या घराच्या दारापर्यंत येऊन पोचतो.

आधी रीत पाहू. विधेयक सभागृहात मांडले की त्यावर चर्चा होते, आणि विषय नाजूक असेल तर ते समितीकडे जाते. दोन्ही सभागृहांतले, सगळ्या पक्षांचे सदस्य असले की ती संयुक्त समिती. आपल्याकडे तिला ‘संयुक्त चिकित्सा समिती’ असेही म्हणतात. चिकित्सा हा वैद्याचा शब्द. रोग्याला तपासावे तसे विधेयक तपासायचे. अध्यक्ष बहुधा एखादा मंत्रीच असतो. बैठकीला पत्रकार नसतात, प्रेक्षकांची गॅलरी नसते, त्यामुळे टाळ्यांची भाषणेही नसतात. एकेक खंड वाचला जातो, अधिकारी त्याचा अर्थ सांगतात, सदस्य शंका काढतात. जाहिरात देऊन लोकांकडूनही सूचना मागवता येतात. शेवटी अहवाल होतो. ज्याला पटले नाही तो आपले वेगळे मत लेखी नोंदवू शकतो. मग विधेयक पुन्हा सभागृहात येते. शेवटचा शब्द सभागृहाचाच.

१९२८ साली पब्लिक सेफ्टी बिल याच वाटेने गेले. परदेशातून आलेल्या कम्युनिस्टांना देशाबाहेर घालवण्याचा अधिकार सरकारला हवा होता. विधेयक प्रवर समितीकडे जाऊन परत आले आणि त्यावर मतदान झाले, तेव्हा दोन्ही बाजूंना समसमान मते पडली. विठ्ठलभाईंनी आपले निर्णायक मत विरोधात टाकले. असा असाधारण अधिकार ज्याला हवा आहे, त्याने सभागृहाचे बहुमत स्वतः मिळवावे, अध्यक्षाच्या मताच्या कुबडीवर चालू नये, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी सरकारने विधेयक पुन्हा आणले. मीरतचा खटला उभा असताना यावर चर्चाच होऊ शकत नाही, असा निर्णय विठ्ठलभाईंनी ११ एप्रिल १९२९ ला दिला. व्हाइसरॉयने दोनच दिवसांत अध्यादेश काढला. सभागृह हरकत घेऊ शकत होते, पण सत्ता लोकांची नव्हती.

आता आपल्या मुलखात येऊ. १९४२ साली सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके त्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या सलग मुलखात ‘चले जाव’ची हाक पोचली तेव्हा मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. कुंडलला तुफान सेना तयार झाली. गावोगावी लोकांची न्यायालये बसली. सरकारच्या लेखी ही मंडळी गुंड आणि दरोडेखोर होती. लोकांच्या लेखी ती कोण होती, हे या भागात सांगायला नको.

या मंडळींना पकडायला सरकारच्या हाती हत्यार होते ते भारत संरक्षण कायद्याचे आणि त्याखालच्या नियमांचे. त्यातला सव्विसावा नियम चौकशीविना स्थानबद्ध करण्याचा. एप्रिल १९४३ मध्ये मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात दिल्लीच्या फेडरल कोर्टाने तो नियमच बेकायदा ठरवला. का, तर मूळ कायद्यात शब्द होते ‘ज्याच्याविषयी वाजवी संशय आहे’ आणि नियमात होते ‘सरकारची खात्री झाली तर’. संशय वाजवी की गैरवाजवी हे तपासता येते, सरकारच्या मनातली खात्री कशी तपासणार? सरकारने लगेच अध्यादेश काढून कायदाच मागल्या तारखेपासून बदलून घेतला, आणि आतली माणसे आतच राहिली. मी कवितेचा माणूस आहे. शब्द बदलला की अर्थ बदलतो हे आम्ही रोज अनुभवतो. पण इथे त्या दोन शब्दांमधल्या फटीत माणसांचे आयुष्य होते.

कराडचे यशवंतराव चव्हाण त्या काळात भूमिगत होते. त्यांच्या पत्नी वेणूताई यांनाही तुरुंगात नेले गेले. पुढे स्वतः यशवंतरावही पकडले गेले. वसंतदादा पाटलांनी २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडला आणि गोळी लागून ते पुन्हा हाती सापडले. चारच वर्षांत काळ फिरला. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ आले, मोरारजी देसाई गृहमंत्री झाले आणि यशवंतराव त्यांच्या खात्याचे संसदीय सचिव. नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर गेले. वसंतदादा १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले. ज्यांच्यासाठी सुरक्षेचे कायदे वापरले गेले, तेच आता कायदे करणारे झाले.

आणि त्यांनीही सुरक्षेचे कायदे केले. मुंबई प्रांतात १९४७ मध्येच सार्वजनिक सुरक्षेचा कायदा आला आणि पुढच्या वर्षांत त्याखाली कम्युनिस्ट स्थानबद्ध झाले. १९६७ मध्ये यशवंतराव देशाचे गृहमंत्री असताना बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा झाला. तोच आजचा यूएपीए. ते विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडून तपासून आले होते. देशाचे तुकडे करू पाहणाऱ्या संघटनांपुरता तो होता, आणि संघटनेवरची बंदी योग्य की अयोग्य हे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या न्यायाधिकरणाने ठरवायचे होते. पण कायदा करणारा जातो, कायदा राहतो. २००४ मध्ये त्यात दहशतवाद आला. २०१९ मध्ये संघटनेबरोबर एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याची तरतूद आली. ती दुरुस्ती प्रवर समितीकडे पाठवावी, ही सूचना राज्यसभेने मतदानाने फेटाळली.

घाईचा अनुभव त्याआधीही होता. १९८५ चा टाडा संसदेत थोड्याच दिवसांत मंजूर झाला. पंजाबच्या दहशतवादासाठी आलेला कायदा देशभर पसरला. वर्षानुवर्षे आत राहून निर्दोष सुटलेल्यांत शीख होते, माझ्या समाजाचे होते, शेतकरी आंदोलकही होते. १९९५ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्र लिहून तो कायदा संपवा असे सांगितले, आणि त्याच वर्षी त्याची मुदत वाढवली गेली नाही. कागदावरचा कायदा संपला, पण गेलेली वर्षे कुणाला परत मिळाली नाहीत.

म्हणून सगळे समितीकडे पाठवा म्हणजे झाले, असेही नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जादूटोणाविरोधी कायदा हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण. नरबळी, अघोरी उपचार यांपासून माणसाचा जीव वाचवणारा तो कायदा. विधान परिषदेने १९९५ मध्ये त्याची शिफारस केली. पुढे विधेयक आले, विधानसभेत मंजूर झाले, परिषदेतून संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले आणि अडकले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा. अठरा वर्षे गेली. समितीत विधेयकाला धार लावता येते, तसे ते गंजतही ठेवता येते.

आता २०२५ कडे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ मध्ये मांडले गेले, पण विधानसभेची मुदत संपली. डिसेंबर २०२४ मध्ये ते नागपूरला पुन्हा आले आणि संयुक्त समितीकडे गेले. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे अध्यक्ष होते. सांगली जिल्ह्यातले जयंत पाटील यांच्यासारखे विरोधी बाकावरचे सदस्यही समितीत होते. लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. कायद्याच्या एका मसुद्यासाठी इतक्या लोकांनी कागद-पेन हाती घेणे, ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट नव्हे.

सरकारची बाजू पोकळ नव्हती. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत सुरुंगस्फोटात पंधरा पोलीस जवान आणि त्यांचा वाहनचालक मारला गेला. त्या घरांना सुरक्षेचा कायदा कशाला, असे कोण विचारील? प्रश्न शब्दांचा होता. मूळ मसुद्याच्या शीर्षकवाक्यात ‘व्यक्ती आणि संघटना’ यांची बेकायदा कृत्ये असे शब्द होते. समितीने ते बदलून ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असे केले. बंदी तपासणाऱ्या सल्लागार मंडळात उच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायाधीश, निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि सरकारी वकील असावेत असे ठरवले. तपास पोलीस उपअधीक्षकाकडे दिला. १० जुलैला विधानसभेत आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झाले, माकपचे विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. दुसऱ्या दिवशी परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला.

समितीने ‘व्यक्ती’ हा शब्द शीर्षकातून काढला, हे मला मोठे काम वाटते. पण ‘तत्सम’ राहिला. व्याकरणात तत्सम म्हणजे जसाच्या तसा आलेला शब्द. कायद्यात मात्र त्याचा अर्थ होतो ‘त्यासारखा’, आणि कुणासारखा हे ठरवणारा दर पाच वर्षांनी बदलू शकतो. शिवाय बेकायदा कृत्याच्या व्याख्येत, प्रस्थापित कायदा पाळू नका असे लोकांना सांगणेही आहे. निर्दोष माणसाला हात लागणार नाही, आधी संघटनेवर बंदी आणि मगच कारवाई, असे सरकारने सांगितले. ते मी प्रामाणिक मानतो. पण मंत्र्याचे आश्वासन कामकाजाच्या वृत्तांतात राहते, आणि ठाण्यातल्या अधिकाऱ्यापुढे कलम असते. कुंडलच्या चावडीवर १९४३ मध्ये बसलेल्या माणसांना ही व्याख्या लावून पाहिली, तर त्यांच्यातला एकही बाहेर राहत नाही.

कुणी म्हणेल, ते परक्या सरकारविरुद्ध होते. खरे आहे. म्हणूनच आपल्या सरकारच्या कायद्याची भाषा परक्यांपेक्षा काटेकोर हवी. सुरक्षेचा कायदा वाचताना आज तो कुणावर लागणार आहे, एवढेच पाहून भागत नाही. आपल्याला न आवडणारे सरकार उद्या आले आणि त्याच्या हाती हाच कागद असला तर काय, हेही पाहावे लागते. समितीचा खरा उपयोग तिथे आहे. आणि सूचना मागवणारी जाहिरात वर्तमानपत्रात येते, तेव्हाचे ते थोडे दिवस आपले असतात. त्यानंतर तोच शब्द वाचून घ्यायला वकील करावा लागतो.