महिरप, सुरू आणि विश्रामबागवाडा

गेल्या वर्षी आठवीच्या मुलांना घेऊन विश्रामबागवाड्यात गेलो होतो. शनिपाराजवळच्या गर्दीतून आत आलो आणि लाकडी खांबांखाली मुले एकदम गप्प झाली. एकाने कमानीकडे बोट दाखवून विचारले, "सर, हिला महिरप म्हणतात ना? मग आमच्या मशिदीतली मेहराब ती हीच का?"

शब्द तोच. अरबीतला मिहराब मराठीच्या तोंडी महिरप झाला. मशिदीत ती किब्ल्याची दिशा दाखवते. वाड्यात दोन खांबांमधली शोभा झाली. मी मुलांना म्हटले, आता शब्दांचा हात धरूनच वाडा बघू. दिवाणखाना, दालन, जिना, दरवाजा फारसीकडून आले. हौद, मजला, इमारत अरबीकडून. तुळई, कडीपाट, चौक, ओसरी ही इथल्या मातीची. हे नक्षीदार खांब 'सुरूचे'. कोकण किनाऱ्यावरचे सुरू वेगळे. हे फारसीतले सर्व, म्हणजे सायप्रसचे झाड. मोगल बागांतले ते झाड कोरले गेले पुण्यातल्या सागवानात. दुसऱ्या बाजीरावाने 1807 मध्ये उभारलेल्या या वाड्यात कोणाचे किती, हे वेगळे काढायला गेलो तर छप्परच खाली येईल.

मला मात्र या वाड्याचे पुढचे आयुष्य जास्त महत्त्वाचे वाटते. 1818 मध्ये पेशवाई संपली. 1821 मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातला काही भाग वळवून याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. सुरुवातीला तिथे प्रवेश फक्त ब्राह्मणांना होता, हेही मुलांना सांगायला हवे. पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज घडले. 1868 मध्ये ते येरवड्याच्या दगडी इमारतीत गेले आणि 1939 पासून संशोधन संस्था म्हणून नावाजले. म्हणजे भाषा आणि पुरातत्त्वाच्या या मोठ्या संशोधन केंद्राचे पहिले घर लाकडाचे होते, आणि तेही नवे बांधलेले नव्हते. होते तेच वापरले. वाड्यात पुढे टपाल कार्यालय आले, काही काळ नगरपालिकाही इथेच होती.

हे शक्य झाले ते बांधणीमुळे. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. भार सांगाड्यावर, भिंती नुसत्या भरलेल्या. त्यामुळे खोल्या बदलता येतात, कुजलेली कडी काढून नवी घालता येते. माझे मामू सुतार होते. जुन्या वाड्याचे सागवान रंधा मारून पुन्हा वापरताना ते म्हणायचे, "बेटा, याचा वास बघ, अजून जिता आहे."

लाकडाची भीती आगीची, आणि ती खोटी नाही. शनिवारवाडा 1828 मध्ये जळाला तेव्हा उरले ते मुख्यत्वे दगड-विटांचे. 1879 मध्ये विश्रामबागवाड्यालाही आग लावली गेली. जळालेला भाग पुन्हा बांधावा लागला. जंगलाचाही हिशेब आहे: शनिवारवाड्याचे सागवान जुन्नरच्या रानातून आले होते. तोडलेल्या झाडाच्या जागी झाड लावले नाही तर लाकडी इमारत पर्यावरणाची मित्र ठरत नाही.

आज जग लाकडाकडे परत वळते आहे. नॉर्वेत 2019 मध्ये 18 मजली, 85 मीटर उंच लाकडी इमारत उभी राहिली. फळ्या एकमेकींना चिकटवून जाड तुळया करतात. आगीत त्यांचा बाहेरचा थर कोळसा होतो आणि आतल्या लाकडाला काही काळ जपतो. सिमेंट आणि पोलाद तयार करताना भरपूर कार्बन हवेत जातो. झाडाने शोषलेला कार्बन मात्र लाकूड टिकेपर्यंत लाकडातच राहतो.

पुण्यात उद्या कोणी लाकडी संशोधन केंद्र बांधणार असेल, तर त्याने आधी विश्रामबागवाड्यात एक दुपार घालवावी. दुरुस्त करता येणारा सांगाडा, उजेड-वारा देणारा चौक तिथून घ्यावा. फक्त 1821 चा तो प्रवेशाचा नियम घेऊ नये.

परतताना तोच मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे या वाड्यात आपलेपण पण आहे." मी म्हटले, "आहे ना. फक्त आपलेच नाही, एवढे लक्षात ठेव."