चाळीतील साठवण

मुंबईत गिरगाव, परळ, लालबाग, नायगाव भागांतील एकखोली बिऱ्हाडांत धान्य, पाणी, इंधन व कपडेलत्ते ठेवण्याची रीत. गिरणगावात, म्हणजे कापड गिरण्यांच्या भागात, माणसे आधी आली. कोठार त्यांचे त्यांनी शोधले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे बांधलेल्या २०७ चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती.

जमीन माणसांना आणि भिंती सामानाला, अशी वाटणी असे. मोरीवर पोटमाळा, भिंतीत फडताळ, फळीवर डब्यांची रांग, कपड्यांना दांडी व खुंट्या, खाटेखाली ट्रंका. पाणी ठरावीक वेळीच येई, म्हणून पिंप, हंडे, कळशा भरून ठेवाव्या लागत. पिंप सामाईक गॅलरीत किती पुढे सरकले, यावरून भांडणेही होत. गावकीच्या खोल्यांत तर साठवणीला वावच नव्हता. एका गावचे गिरणी कामगार पाळीपाळीने तिथे झोपत; एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरे. ट्रंक आणि खुंटी एवढेच ज्याचे त्याचे. जेवण खानावळीत.

कुटुंबे मात्र उन्हाळ्यात बेगमी करीत. लालबागच्या मसाला बाजारात रंगासाठी बेडगी, तिखटपणासाठी लवंगी मिरची निवडायची, ती भाजून डंकावर कुटून घ्यायची. मसाला बरणीत दाबून भरताना मध्ये हिंगाचे खडे ठेवीत. पापड-कुरडयांचे वाळवण गच्चीवर. मे महिन्यात कोकणात गेलेली माणसे परतताना तांदूळ, कुळीथ, कोकम आणीत. वर्षभर टिकणारा माल एवढाच.

बाकीचे वाणसामान थोडेथोडे येई. एकदम गोणी घ्यायला जागा नव्हती हे खरे, पण हातात रोकड नव्हती, हे कारण अधिक मोठे. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाल्यावर किती धान्य मिळणार, हे शिधापत्रिका ठरवू लागली. त्यापलीकडे लागणाऱ्या मालाचे कोठार म्हणजे नाक्यावरचा वाणी: माल त्याच्याकडे, हिशेब त्याच्या वहीत, फेड पगाराला. खोलीतच कामगारांची खानावळ चालवणाऱ्या बायकांना हा व्यवहार सर्वांत महाग पडे. रोज अनेकांचे जेवण रांधायचे, तर माल उधारीवर किंवा सावकाराच्या पैशातून. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे त्यांना रोखीने माल भरता येऊ लागला. चाळीच्या साठवणीत एवढा मोठा फरक कोणत्याही पोटमाळ्याने पडला नव्हता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचे पगार थांबले आणि उधारीचा आधारही डळमळला. अनेक बिऱ्हाडे गावच्या तांदळावर निभावली. अनेक गावीच परतली.